मंडईला पिशवी कोण नेतं?

शनिवार, आठ नोव्हेंबर. सकाळचा चहा झाल्याबरोबर घरातल्या सगळ्या गोधड्या, चादरी आणि सतरंज्या स्लॅबवर, म्हणजे गच्चीवर, नेल्या आणि उन्हात टाकायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी गावची मंडई होती. आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे आणि दंडारीचा नाच, रात्री मांडवात नाटक, तेही पार पहाटेपर्यंत. दिवाळीला न फिरकलेला पाहुणा मंडईला हमखास हजर होतो. त्याला जेवायला काय घालायचं हा प्रश्न मला पडत नाही, अंगावर घ्यायला काय द्यायचं हा पडतो.

गोधडीचं दुसरं टोक धरायला पुतणी होती. धाकट्या दिराची मुलगी, अकरावीत आहे. आंधळगावात आम्ही दोघी जावा एकाच घरात राहतो, त्यामुळे ती जितकी जावेची तितकीच माझी, विशेषतः काम असलं की. त्या सकाळी मात्र ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि शेजारी मोबाइल पालथा पडला होता. तिचा मोबाइल पालथा असला की मी आधी कपाळाला हात लावून ताप पाहते.

"मोठी आई, उद्या मी नाई बोलत."

"नको बोलू. हे टोक पकड."

"मी खरंच सांगून राहिली."

"मी बी खरंच सांगून राहिली. ऊन उतरलं का मंग गोधडी वाळत नाई."

ती उठली, टोक धरलं, झटकलं आणि पुन्हा जाऊन बसली. मग मला कळलं की हे प्रकरण गोधडीपेक्षा जड आहे.

ते समजायला थोडं मागचं सांगावं लागेल. आमचा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचा धंदा. पुढे दुकान, मागच्या खोलीत दोन माग. दुपारी आम्ही बाया कांड्या भरतो, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या बारक्या नळ्यांवर सूत गुंडाळतो. हात गुंतलेले, कान मोकळे. पूर्वी टीव्ही चालू असायचा. पण मालिकेतली सासू तीच, सून तीच आणि जिन्यावरून उतरायला त्यांना अख्खा आठवडा लागतो. पुतणी आठवीत होती तेव्हा शाळेतून एक कादंबरी घेऊन आली, तिच्याच वयाच्या मुलांसाठी लिहिलेली. सूत तुटलं म्हणून टीव्ही बंद केला होता, तर तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पुतणी दुसऱ्या प्रकरणाला थांबली आणि माझी जाऊ म्हणाली, "अवं, थांबली काहून? पोरगी नदीत हाय ना अजून!"

तेव्हापासून टीव्हीवर कापड टाकलेलं आहे.

पन्नाशीकडे आलेल्या बायांनी पोरासोरांच्या कादंबऱ्या वाचाव्यात ह्याचं लोकांना हसू येतं. येऊ दे. मोठ्यांच्या कादंबरीत माणूस खुर्चीतून उठायला तीस पानं घेतो आणि उठून खिडकीशी जातो. ह्या पुस्तकांत दहाव्या पानापर्यंत कुणीतरी घराबाहेर पडलेलं असतं. मला तेवढं पुरे आहे.

पुस्तकांची नावं आमच्यात टिकत नाहीत. वाचणारी एकच, ऐकणाऱ्या तीन, मुखपृष्ठ कोण बघतो? मग सायकलवाली, भूतवाली, दोन आज्यांची, अशी नावं पडली. सायकलवालीत एक पोरगी पंक्चरचं दुकान काढते. भूतवालीत वसतिगृहात रात्री दिवा फिरतो आणि शेवटी कळतं की रेक्टरबाईच चोरून बारावीचा अभ्यास करत होत्या. ह्या भूतवालीवरून आमच्यात जितकी भांडणं झाली तितकी जागेच्या वाटणीवरून झाली नाहीत.

आमची चौथी म्हणजे शेजारची अंगणवाडीताई. तिला धीर नाही. पुस्तक घरी नेते, पुढचं वाचून येते आणि कांडी हातात घेतल्याबरोबर विचारते, "पुढं काय होते सांगू?"

"सांगशीन तर चहा बंद," मी म्हणते.

"नाई सांगत. पण मामावर नजर ठेवा."

"झालं! सांगितलंच ना वं तू!"

प्रत्येकीचं माप वेगळं. अंगणवाडीताई म्हणते, पुस्तकानं रडवलं पाहिजे. मी म्हणते, पोरानं काहीतरी केलं पाहिजे, नुसतं वाटून घेऊ नये. पुतणी म्हणते, शेवट असा पाहिजे की पुस्तक मिटून पुन्हा उघडावंसं वाटेल. माझ्या जावेचं माप सगळ्यांत सोपं. कितीही संकट येवो, वादळ येवो, पोलीस येवोत, ती एकच विचारते, "पोरगं जेवलं का?" लेखक हे लिहायला विसरला असेल तर त्याचं पुस्तक तिच्या लेखी संपलं. मी आधी हसायचे. आता पुस्तक विकत घेताना मीसुद्धा चाळून बघते, जेवण कुठे आहे ते.

ह्या वर्षी उन्हाळ्यात अंगणवाडीताईला फोनवर एक ग्रुप सापडला. अख्ख्या महाराष्ट्रातले लोक, पालक, शिक्षक, मुलं, सगळे ह्याच पुस्तकांवर बोलणारे. कोण काय वाचतंय, काय घ्या, काय अजिबात घेऊ नका. आमच्या दुपारी एकदम मोठ्या झाल्या. लातूरची एक आई म्हणाली सायकलवाली संथ आहे, तर माझी जाऊ फोनला म्हणाली, "संथ? हिनं कधी पंक्चर काढलं का?" आणि बटण दाबलेलं राहिल्यामुळे ते सगळ्यांना गेलं. लातूरच्या बाईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्यानंतर ग्रुपवर आम्हाला सगळे ओळखू लागले.

महिन्यातल्या एका रविवारी सगळे व्हिडिओवर भेटतात. तिघांनी एकेक पुस्तक सुचवायचं, मग सगळ्यांनी ठरवायचं की पुढच्या महिन्यात कोणतं वाचायचं. नोव्हेंबरात पुतणीचं नाव लागलं. त्या दिवशी तिनं घरभर उड्या मारल्या. तिच्या मनात एकच होतं: तिच्या लाडक्या पुस्तकाला निवडून आणायचं आणि डिसेंबरात दीडेकशे माणसांनी ते वाचायचं. स्वतःला आवडलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हातात बळजबरीनं कोंबायची जी खाज असते, ती तिला भयंकर आहे. ती तिनं माझ्याकडून घेतली असं जाऊ म्हणते.

पुस्तक होतं पुण्यातल्या तेरा वर्षांच्या मुलीचं. वडील नाहीत, आई आणि ती. आई शिवणकाम करते, कमी बोलते. शेवटच्या प्रकरणात आई सकाळी ठेवणीतली साडी नेसते, दोन वेळच्या पोळ्या करून ठेवते, मुलीच्या केसांवरून हात फिरवते आणि म्हणते, "मंडईत जाऊन येते." दुपार होते. मुलगी बघते, तर पिशवी दारामागच्या खुंटीवरच आहे. संध्याकाळ होते. मुलगी पोळी खाते, अंथरूण घालते आणि दाराची कडी न लावता झोपते. पुस्तक संपलं.

आम्ही चौघींनी हे ऐकलं आणि आमचा आनंद मावेना. अख्खं पुस्तकभर जी बाई मशीनवरून मान वर काढत नाही, ती शेवटी नटूनथटून मंडईला गेली! नाटक बघायला गेली! पिशवी कशाला नेईल? आणि नाटक पहाटे सुटतं, कडी लावली तर आत कशी येणार? माझ्या जावेनं तर पोळ्यांवरून त्या बाईला शंभरपैकी शंभर दिले. "शहाणी बाई हाय. करून ठेवून गेली. पोरगी जेवली."

सांबाराचा घोळ आम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि बाहेरगावी हॉटेलात 'सांबार जास्त टाका' म्हणून इडली बुडवून घेतलेला एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो. पण मंडईचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी कापडाच्या प्रदर्शनाला पुण्यात जाऊन आलेली, तिथे भाजीच्या मंडईतून चालत गेलेली, तरी माझ्याही नाही. ऐकताना कानावर मंडई पडली आणि मला आमची मंडई दिसली.

पुतणीनं दिवाळीच्या सुट्टीत ग्रुपवर बोलून पाठवलं. रविवारी मी कोणतं पुस्तक आणणार त्याची झलक म्हणून. तीन मिनिटं, आपल्याच बोलीत, जोरात. "शेवट इतका गजब हाय का तुम्ही नाचसान! थे माय पहिल्यांदा सोतासाठी मंडईले जाते!"

मग हसणारे चेहरे यायला लागले, एकाखाली एक. मग पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, ग्रुपवर त्यांचा शब्द वजनाचा. "बाळ, मंडई म्हणजे भाजी मंडई. पिशवी घरीच आहे म्हणजे ती भाजीला गेलेलीच नाही. ती घर सोडून गेली आहे. शेवट अत्यंत दुःखद आहे. पुस्तक नीट वाचावं." बाईंनी वाईट हेतूनं लिहिलं नव्हतं. चाळीस वर्षं वह्या तपासल्या की हात तसाच चालतो.

तेव्हापासून मोबाइल पालथा होता.

आता स्लॅबवर ती म्हणाली, "सगळे हसले. मी उद्या तोंड उघडलं का पुन्हा हसतीन."

"हसतीन," मी म्हटलं. "मंग?"

"मंग कायले बोलू?"

"नको बोलू. पण आज सांजच्यापर्यंत ग्रुप चालवणाऱ्या बाईले कळव. तुझी दहा मिनिटं दुसऱ्याले देतीन. लोकाले ताटकळत ठेवायचं नाई."

तिला वाटलं होतं मी समजूत घालेन. मला समजूत घालता येत नाही. मी उशांचे अभ्रे काढायला घेतले. ती टाइप करायची, पुसायची, पुन्हा टाइप करायची.

दुपारच्या एसटीनं लाखांदूरहून जावेचा भाऊ आला, म्हणजे पुतणीचा मामा. हातात तांदळाचं पोतं आणि तोंडात प्रश्न. "काय झालं वं भाचे? तोंड काहून पाडलं? मंडई हाय का मयत?"

पुतणीनं पोतं भिंतीशी सरकवलं. जाऊ पोळ्या लाटत होती, तिनं तिथूनच सांगितलं, "थांब वं, ह्याले विचारून पाह्यते." असं म्हणून ती भावाला म्हणाली, "एक बाई हाय. चांगली साडी नेसली, पोळ्या करून ठेवल्या, पिशवी घेतली नाई, अन् मंडईले जाते म्हणून गेली. कुठं गेली?"

मामानं बहिणीकडे असं पाहिलं, जणू हिला ऊन लागलंय. "कुठं म्हणजे? मंडईले गेली. नाटक पाहाले. हे काय कोडं हाय?"

मी तोंडाला पदर लावला. अंगणवाडीताई दाराशी उभी होती ती खालीच बसली. आणि पुतणी, चार दिवसांत पहिल्यांदा, खो खो हसायला लागली. मामाला काही कळेना, त्यामुळे तोही हसला. मग तिनंच त्याला पुण्याची मंडई समजावून सांगितली. भाजीचे गाळे, तराजू, रोजचा बाजार. पिशवी खुंटीवर राहिली ह्याचा तिकडे काय अर्थ होतो ते.

जाऊ लाटणं हातात घेऊन थांबली. "म्हणजे दोन वेळच्या पोळ्या घर सोडून चालली म्हणून केल्या होत्या?"

"हाव," पुतणी म्हणाली.

"अन् पोरगीनं थ्याच खाल्ल्या?"

"हाव."

तव्यावरची पोळी करपली. आमच्या घरात जावेच्या हातची पोळी करपत नाही.

पुतणीनं तिच्याकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं, आणि पुस्तक घेऊन मागच्या खोलीत मागाजवळ जाऊन बसली. शेवटचं प्रकरण तिनं तिथे एकटीनं वाचलं. बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं आणि मोबाइल हातात सरळ धरलेला होता. "मी बोलणार हाय," एवढंच म्हणाली. मी तिला लसूण सोलायला दिला.

रविवारी दुपारी चारची वेळ. आम्ही आधी ठरवलं होतं की आतल्या खोलीत दार लावून बसू. पण आतल्या खोलीत पाहुणे, मधल्या खोलीत पाहुणे, मागाच्या खोलीत पाहुण्यांची मुलं धोटे पळवत होती. शेवटी स्लॅबवर गेलो. घडी केलेल्या गोधड्यांच्या ढिगावर पुतणी बसली, फोन उशीला टेकवला, आम्ही तिघी बाजूला, दिसणार नाही अशा. खाली मैदानात मंडई अशी भरलेली की माणसावर माणूस. भोंगे, पिपाण्या, पाळण्याची कुरकुर, आणि एका बाजूला दंडारीची ढोलकी.

"इथं काही ऐकू येणार नाई," अंगणवाडीताई म्हणाली.

"मंग जोरात बोलन ती," मी म्हटलं.

पहिल्यांदा कोल्हापूरचे एक वडील बोलले. समुद्रातल्या खडकावर दिवा सांभाळणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. चांगली वाटली, पण त्यांनी स्वतःच्या मुलीचंच जास्त सांगितलं. मग नाशिकचा एक मुलगा आला, सातवी-आठवीतला. मधमाश्यांच्या पेट्या चोरीला जातात त्या रहस्यकथेवर तो इतका भरभर आणि इतका छान बोलला, की शेवटाच्या अगदी तोंडाशी येऊन म्हणाला, "आता तुम्हीच वाचा," तेव्हा मी पुढचं ऐकायला फोनकडे वाकले होते. माझी जाऊ कानाशी कुजबुजली, "हे पाहिजे आपल्याले." मी तिला कोपर मारलं. आमच्याच पोरीची पाळी यायची होती.

पुतणीचा चेहरा पडद्यावर मोठा झाला. तिनं तोंड उघडलं आणि त्याच क्षणी खाली दंडारवाल्यांनी ढोलकीवर थाप मारली.

पुण्याच्या बाईंनी कपाळाला आठी घातली. "बाळ, मागे कसला आवाज आहे? घरी लग्न वगैरे आहे का?"

"नाई जी," पुतणी म्हणाली. "मंडई हाय."

मग कुणीतरी फिसकन हसलं. मी पुतणीकडे पाहिलं. ती हसत होती. तिनं फोन उचलला, कॅमेरा फिरवला आणि स्लॅबच्या कठड्याशी जाऊन खालचं सगळं दाखवलं. पाळणे, पालं, फुगे, आणि ठेवणीतल्या साड्या नेसून चाललेल्या बाया.

"ही आमची मंडई. आज रात्री इथं नाटक हाय, सकाळपर्यंत चालते. पाहा जी, एकीच्या तरी हातात भाजीची पिशवी दिसते का. मंडईले पिशवी कोण नेते?"

खरं सांगायचं तर दोन-चार बायांच्या हातात पिशव्या होत्या, पण फोनमध्ये तेवढं दिसत नव्हतं आणि मी गप्प राहिले.

पडद्यावरचे सगळे चौकोन पुढे सरकले. लातूरच्या आई तर चष्मा लावायला उठल्या. पुण्याच्या बाई म्हणाल्या, "अच्छा! म्हणजे तुम्हाला वाटलं..." आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "पण लेखकाला भाजी मंडईच म्हणायचं आहे ना?"

"हाव जी. मी चुकलीच. थो शब्द मले तसा माहीत नव्हता. तुम्ही सांगितल्यावर काल मी पुन्हा वाचलं. मले लय रडू आलं." तिनं श्वास घेतला. "पण एक गंमत पाहा ना जी. साडी थेच, पोळ्या थ्याच, पिशवी तिथंच. पुस्तकातलं एक अक्षर बदललं नाई. पहिल्यांदा वाचलं तेव्हा थे माय सकाळी येणार होती. काल वाचलं तेव्हा नाई येणार. आमच्या घरी पुस्तकाले आम्ही आमचंच नाव ठेवतो. ही मंडईवाली. मी मंडईवाली सुचवते, अन् दोनदा वाचा म्हणते. एकदा तुमची मंडई धरून, एकदा आमची."

"आणि ती कडी?" बाईंनी विचारलं. आता त्यांचा आवाज वह्या तपासण्याचा नव्हता. "कडी का लावत नाही ती?"

"तुमच्या मंडईत तिले वाटते का माय येईन, म्हणून. आमच्या मंडईत तिले माहीत हाय, म्हणून."

एवढं बोलली आणि चित्र गोठलं. पुण्याच्या बाईंचं तोंड अर्धवट उघडं, लातूरच्या आईंचा चष्मा अर्ध्या वाटेत. मग पडदा काळा. गावात एवढी गर्दी, प्रत्येकाच्या हातात फोन, रेंज बसली होती.

"गेलं!" पुतणी ओरडली. "आता सगळे निवडतीन! मले कसं कळन?"

तिनं फोन डोक्यावर धरून अख्ख्या स्लॅबला चार फेऱ्या मारल्या. टाकीवर चढली. जाऊ खालून ओरडली, "उतर वं पोट्टे, मंडईच्या दिवशी हात-पाय मोडशीन!" मग पुतणी गोधड्या तुडवत जिन्यावरून उतरली आणि रेंज शोधत गावाबाहेर धानाच्या बांध्यांकडे पळाली. मागून अंगणवाडीताई पळाली, कारण तिच्या फोनचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं. मी पळाले नाही. खाली पंचवीसेक माणसांचा चहा राहिला होता. पण साखर दोनदा टाकली, हे चहा पिणाऱ्यांनी सांगितलं तेव्हा कळलं.

सूर्य बुडता बुडता अंगणवाडीताईचा आवाज आधी आला आणि ती मागून आली. गर्दीतून वाट काढत, एका हातात फोन, दुसऱ्या हातात जिलबीचा पुडा, चप्पल एकाच पायात. "भेटलं! भेटलं! निवडून आली!" अर्ध्या गल्लीला वाटलं ग्रामपंचायतीचा निकाल लागला.

फोन मी हातात घेतला. ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं: "डिसेंबरसाठी ठरलं. मंडईवाली." पुस्तकाचं खरं नाव नव्हतंच. आणि खाली कोल्हापूर, नाशिक, लातूर, सगळ्यांचं सुरू: मंडईवाली कुठे मिळेल? मंडईवाली संपलीय का दुकानात? नाशिकच्या त्या मुलानं विचारलं होतं, "दोनदा वाचायची असेल तर सुट्टी कमी पडेल, आधी कोणती मंडई धरू?"

पुतणी मागून आली. पाय चिखलानं भरलेले, ओढणी काट्यानं फाटलेली. तिनं फोन वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्या जावेला उचलायचा प्रयत्न केला. जाऊ उचलण्यासारखी नाही. दोघी मामावर पडल्या.

"थ्या मधमाश्यावाल्या पोराचं बी घेऊन टाकू," उठता उठता जाऊ म्हणाली. "बिचारा चांगला बोलला."

पुण्याच्या बाईंचा निरोप वेगळा आला होता, बोललेला. पुतणीनं फोनचा आवाज मोठा केला. "बाळ, मी आत्ता शेवटची पानं तुमची मंडई धरून वाचली. नीट वाचावं असं मी तुला लिहिलं होतं. तू नीटच वाचलं होतंस. पुढच्या वर्षी तुमच्या मंडईला मी आले तर चालेल का? मला ते नाटक पाहायचं आहे."

"काय सांगू?" पुतणीनं मला विचारलं.

"या म्हण. पण आधी कळवा म्हण, गोधडी काढून ठेवावी लागते."

तिनं तसंच्या तसं पाठवलं.

रात्री सगळे नाटकाला गेले. मी गेले नाही, घरी लहान मुलं झोपली होती. कडी न लावता पडले. पहाटे कधीतरी सगळे आले आणि जागा मिळेल तिथे आडवे झाले.

सोमवारी सकाळी उठले, तर घरातली प्रत्येक गोधडी कुणाच्या तरी अंगावर. घड्या घालायला काहीच नाही. चहा ठेवला, उंबऱ्यात बसले आणि मंडईवालीची शेवटची चार पानं पुण्याची मंडई धरून वाचली. दुधाला उकळी आली तेव्हा पुस्तक मिटलं.

मग दारामागच्या खुंटीवरून पिशवी काढली. पुतणी सतरंजीवर पालथी झोपली होती, तिनं एक डोळा उघडला.

"कुठं चालली, मोठी आई?"

"भाजीले. पिशवी घेतली, पाह्यलं ना?"

"हाव," ती म्हणाली आणि पुन्हा झोपली.

चौकात जाऊन वांगी घेतली, टमाटे घेतले, आणि पाहुण्यांच्या भाजीवर टाकायला दोन जुड्या सांबार.